ओटीजीतला काळा थर निघत का नाही?

केक, नानखटाई, पनीर टिक्का असं वर्षभर करत राहिलं की ओटीजीच्या (ओव्हन-टोस्टर-ग्रिलच्या) भिंतींवर चिकट तपकिरी ठिपके दिसू लागतात आणि खालच्या पत्र्यावर काळी टणक खपली धरते. भांड्यांच्या साबणाने ठिपके जरा पुसट होतात, खपली मात्र ढिम्म हलत नाही. मग तारेची घासणी हातात घेतली जाते आणि ओव्हनचं खरं नुकसान तिथून सुरू होतं.

ही खपली म्हणजे नुसतं वाळलेलं तेल नाही. तेलाच्या रेणूत मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या असतात. 200 अंशांच्या आसपास तापलेल्या तेलाच्या पातळ थराशी हवेतल्या ऑक्सिजनची अभिक्रिया होते आणि शेजारशेजारचे रेणू एकमेकांशी घट्ट बांधले जातात. त्यातून बहुवारिक तयार होतं, म्हणजे प्लॅस्टिकच्याच जातकुळीतला पदार्थ. बिडाच्या नव्या तव्यावर तेल चोळून, तापवून आपण जो काळा तकतकीत थर मुद्दाम चढवतो, तो याच क्रियेने बनतो. साबण सुट्या तेलाला पाण्यात मिसळवून नेतो, पण या बांधलेल्या जाळ्यापुढे त्याचं काही चालत नाही.

इथे उपयोगी पडते ती अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. ती मेदाम्लांचे बंध तोडते आणि त्यांचाच साबण बनवते. चुलीच्या राखेने तेलकट भांडी घासली जात, त्यामागेही हेच होतं, कारण राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. मात्र अल्कली किती तीव्र, हे पाहायला हवं. ही तीव्रता सामूने (pH) मोजतात. खायच्या सोड्याच्या पाण्याचा सामू 8.3 च्या आसपास असतो, धुण्याच्या सोड्याचा साधारण 11, तर कॉस्टिक सोड्याचा 13 ते 14. सामूची प्रत्येक पायरी दहापटीची असते, त्यामुळे 8 आणि 13 यांच्यातलं अंतर लाखपटीचं होतं.

ओव्हन क्लीनरच्या बऱ्याच फवाऱ्यांमध्ये कॉस्टिक सोडाच असतो. तो खपलीला पुरून उरतो, पण कातडीतल्या मेदाचाही तसाच साबण करतो, आणि डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. शिवाय बऱ्याच ओटीजींच्या आतल्या पत्र्यावर जस्ताचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असतो. हे दोन्ही धातू कॉस्टिकमध्ये विरघळतात आणि हायड्रोजन वायू सुटतो. म्हणून घरच्या ओटीजीत हे फवारे वापरूच नयेत, असं मी ठामपणे म्हणेन.

त्यापेक्षा खायचा सोडा आणि सबुरी बरी. प्लग काढा, ओव्हन पूर्ण गार होऊ द्या. सोड्यात थोडंसंच पाणी घालून दाटसर लेप करा, डागांवर लावा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी लाकडी कालथ्याने अलगद खरवडा आणि ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या. सोड्याचे कण पोलादापेक्षा मऊ असल्याने पत्र्यावर ओरखडे पडत नाहीत. पहिल्या खेपेला सगळं निघणार नाही, पुन्हा लावा. सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस काढायचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो मानू नका. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात. फेस असतो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी, ज्याचा खपलीवर काही परिणाम होत नाही. सोड्याचे पांढरे डाग शेवटी पुसायला व्हिनेगर चालेल.

लेप कॉइलला, म्हणजे ओव्हन तापवणाऱ्या नळीला, लागता कामा नये. आत एका बाजूला तांब्याची बारीक नळी दिसली तर तीही वाकवू नका. ती थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान ठरावीक राखणाऱ्या यंत्रणेची असते, आणि तिच्यातला द्रव प्रसरण पावतो तेव्हाच ओव्हनला तापमान कळतं.

कॉइलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. बाहेरून दिसते ती धातूची नळी. तिच्या आत निक्रोम या मिश्रधातूची, विजेने तापणारी तार असते आणि दोहोंच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली पूड. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण तिला ओलावा शोषायची खोड आहे. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर ओटीजी बंद पडून राहिला की नळीच्या टोकांतून दमट हवा आत शिरते, पुडीची वीज अडवण्याची ताकद घटते आणि सुरू करताच घरातला ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. यासाठी पावसाळ्यात अधूनमधून रिकामा ओव्हन पंधरा-वीस मिनिटं तापवावा.

इतकं करूनही ईएलसीबी पडतच राहिला, तर अर्थिंगची तार सोडवून काम भागवणारे लोक आहेत. तसं केल्यावर ईएलसीबी पडणं थांबतं खरं, पण गळणारी वीज ओव्हनच्या पत्र्यावरच थांबते आणि दार उघडायला लावलेल्या हातातून जमिनीकडे वाट काढते. अशा वेळी ओव्हन बंदच ठेवा आणि मेकॅनिककडून कॉइलचं इन्सुलेशन (वीज अडवण्याची ताकद) मेगर या मोजयंत्राने तपासून घ्या.