व्यवस्थापन शिक्षणातील बाग

वाणिज्य व व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना शाश्वततेचे धडे देण्यासाठी बाग वापरण्याची अध्यापनपद्धती. विद्यार्थी वाफे आखतात, पेरणी करतात, पालापाचोळा कुजवून खत करतात आणि या साऱ्याचा हिशेब व्यवसायाच्या भाषेत मांडतात. हिशेब वगळला तर उरते ते निव्वळ बागकाम.

बागेतून शिकवण्याची कल्पना जुनी आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल यांनी एकोणिसाव्या शतकातच ती बालशिक्षणात आणली. व्यवस्थापन शाखेने मात्र शाश्वततेकडे उशिरा वळून पाहिले. भावी पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणे, अशी शाश्वत विकासाची व्याख्या करणारा संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल १९८७ चा, तर जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने मांडली गेली ती २००७ मध्ये.

या पद्धतीचे खरे बळ मातीत आहे. भरघोस पीक काढून जमीन उघडी टाकली, तर त्या हंगामाचा नफा चांगला दिसतो. घटलेली सुपीकता कोणत्याच खात्यात उमटत नाही. यंत्रावर घसारा, म्हणजे वापराने घटणाऱ्या मूल्याची वजावट, आकारायला शिकलेल्या विद्यार्थ्याला तो मातीवर का आकारत नाहीत, हा प्रश्न इथे पडतो. वटाव दर म्हणजे भविष्यातल्या रकमेचे आजचे मूल्य काढण्याचा दर; तो वार्षिक १० टक्के धरला, तर ३० वर्षांनंतरच्या १०० रुपयांचे आजचे मूल्य ६ रुपयांहूनही कमी भरते. सुपीक थर तयार व्हायला शतके लागतात, तेव्हा हे गणित त्याला जवळजवळ फुकट ठरवते. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतात, मधमाश्या परागीभवन करतात. यांपैकी कोणीही बिल पाठवत नाही. सत्र संपल्यावर वाफा पुढच्या तुकडीच्या हाती जातो. आपण जमीन कशी सोडली हे तिला लगेच कळते, आणि भावी पिढ्यांविषयीची जबाबदारी ही व्याख्येतली गोष्ट राहत नाही.

अडचणीही आहेत. पिकाचा हंगाम शैक्षणिक वेळापत्रक पाळत नाही आणि सुट्टीत पाणी कोण घालणार, हा प्रश्न अनेक बागांना भोवतो. काही ठिकाणी बाग माहितीपत्रकातल्या छायाचित्रापुरती उरते. जागतिक पुरवठा साखळीची गुंतागुंत चार वाफ्यांत दिसत नाही, हा आक्षेपही रास्त आहे. मूल्यमापन सर्वांत नाजूक. फक्त उत्पन्नाच्या वजनावर गुण दिले, तर विद्यार्थी रासायनिक खतांचा मारा करून मोकळे होतात. म्हणून पाण्याचा वापर, नोंदवही आणि सत्राच्या सुरुवातीची व शेवटची माती तपासणी यांनाही गुण ठेवावे लागतात.