काठी सरळ, खेळाडू तिरका

भाची सुट्टीत ग्वाल्हेरहून आमच्याकडे इंदूरला आली की माझा व्हिडिओ गेमचा कंट्रोलर तिच्या ताब्यात जातो. या मे महिन्यात तिसऱ्याच दिवशी तिची हाक आली, "मामा, हा आपोआप चालून राहिलाय!" जाऊन बघतो तर कंट्रोलर टेबलावर, कोणाचा हात नाही, आणि पडद्यावरचा फुटबॉलपटू पोहे खाऊन फिरायला निघावं तसा डावीकडे निवांत चाललाय. घरात निदानं लगेच तयार झाली. आई म्हणाली, उन्हानं होत असेल. भाचीच्या मैत्रिणीचं म्हणणं, बॅटरी उतरलीय. जेल रोडवरच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सॉफ्टवेअर है भिया, अपडेट मार दो."

तिन्ही चूक. या दुखण्याला खेळणारे लोक 'ड्रिफ्ट' म्हणतात आणि त्याचं कारण घरात रेडिओ असलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना खर्र-खर्र व्हायचं, आठवतंय? तेच दुखणं. भाग बदलला, रोग तोच.

आवाजाच्या त्या बटणामागे पोटेन्शियोमीटर असतो, मिस्त्री त्याला नुसतं 'पॉट' म्हणतात. कार्बनचा थर दिलेली अर्धगोल पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारी धातूची बारीक जीभ, एवढाच मामला. पट्टीच्या एका टोकाला शून्य व्होल्ट, दुसऱ्याला समजा तीन. जीभ मधोमध असली की तिच्यावर दीड व्होल्ट मिळतो, सरकली की कमी-जास्त. कंट्रोलरच्या एका स्टिकला, म्हणजे अंगठ्यानं हलवायच्या काठीला, असे दोन पॉट असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. आतली चिप तो व्होल्टेज आकड्यात बदलते. आठ बिटांचा हिशेब धरला तर ० ते २५५, आणि मोकळी सोडलेली काठी १२८च्या आसपास. लॅपटॉपला जोडून पाहिलं तर आमच्या कंट्रोलरचा आडवा आकडा १०९ होता. खेळाला काय कळणार की अंगठा लावलेलाच नाही? त्याला १०९ मिळाले, त्यानं खेळाडू डावीकडे धाडला.

बॅटरीवरचा आरोप इथेच गळून पडतो. पट्टीला जो व्होल्टेज मिळतो, त्याच व्होल्टेजशी तुलना करून चिप मोजमाप करते. बॅटरी उतरून तीनाचे अडीच झाले तरी मधोमध म्हणजे निम्मेच. माप आणि मापपट्टी दोन्ही एकत्र आकसली.

कंट्रोलर उघडला. पॉटची हिरवी चकती अलगद काढली तर पट्टीवर जिभेच्या वाटेनं एक फिकट चर पडला होता आणि कडेला काजळीसारखी करडी पूड. अंगठ्याच्या नखावर मावेल एवढी, पण झिजलेल्या जागी रोध बदलतो, पूड अडकते तिथे आकडा उड्या मारतो, आणि नेमका मधला भाग सगळ्यांत जास्त झिजतो, कारण जीभ सारखी तिथेच परतते. अशा स्टिकच्या तपशीलपत्रात आयुष्य साधारण २० लाख फेऱ्या असं लिहिलेलं असतं. ऐकायला भरपूर वाटतं. मी घड्याळ लावून भाचीचा डावा अंगठा मोजला: मिनिटाला ९०. म्हणजे २० लाख फेऱ्या ३७० तासांत संपल्या. रोजचे दोन तास धरले तर सहा महिने. प्रत्येक हालचाल पूर्ण फेरी नसते, हे खरं. पण आमच्या घरी दोन तासांवर कोण थांबतं?

खेळ बनवणाऱ्यांनाही हे माहीत असतं. म्हणून ते मधोमध एक 'डेड झोन' ठेवतात: १२८च्या आजूबाजूचे ठरावीक आकडे आले तर काही हललंच नाही असं समजायचं. झोन वाढवला की ड्रिफ्ट दिसेनासा होतो, पण मग हलका स्पर्शही मारला जातो. ओल आलेल्या भिंतीवर कॅलेंडर टांगण्यातला प्रकार.

आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि कापसानं साफ केलं, चार दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. मग नव्या स्टिकसाठी जेल रोड गाठला. दुकानदारानं दोन पुड्या पुढे केल्या. "ये सादी, और ये हाल वाली." शेजारचा गिऱ्हाईक कुतूहलानं विचारतो, "हाल वाली मतलब? बड़े हाल में भी चलेगी?" दुकानदारानं बेधडक मान डोलावली. तिथेच ठरवलं, हा लेख लिहायचाच.

हा 'हॉल' दिवाणखाना नव्हे, माणूस आहे. एडविन हॉल. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तो प्राध्यापक हेन्री रोलँड यांच्या हाताखाली शिकत होता. थोर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या ग्रंथात त्यानं वाचलं की चुंबकाचा जोर विजेच्या प्रवाहावर नव्हे, तर प्रवाह वाहणाऱ्या तारेवर पडतो. त्याला ते पटेना. मॅक्सवेलचं म्हणणं न पटणारा विद्यार्थी! त्यानं काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवला, तो विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये धरला, वर्खातून लांबीच्या दिशेनं प्रवाह सोडला आणि रुंदीच्या दोन कडांमध्ये फरक मिळतो का ते पाहिलं. बारीकसा व्होल्टेज मिळाला. इलेक्ट्रॉनचा शोध तेव्हा लागायचा होता, जे. जे. थॉमसन यांना तो लागला १८९७ साली, अठरा वर्षांनी.

इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे मिरवणूक, पाहिलेल्यांना हा परिणाम समजावणं सोपं आहे. राजवाड्याकडे गर्दी सरळ चाललीय. समजा, प्रत्येकाला चालता-चालता कोणीतरी डावीकडे हलकासा रेटा देतंय. थोड्या वेळात डाव्या फुटपाथवर माणसं दाटतात, उजवीकडे मोकळं होतं. दाटलेली माणसं मग उलटा रेटा देऊ लागतात आणि दोन्ही रेटे सारखे झाले की गर्दी पुन्हा सरळ वाहते, फक्त डावीकडे दाट आणि उजवीकडे विरळ. वाहत्या इलेक्ट्रॉनांना चुंबक असाच आडवा रेटा देतो. एका कडेला ऋण प्रभार दाटतो, समोरची कड धन होते, आणि त्या दोन कडांमधला फरक म्हणजे हॉल व्होल्टेज. चुंबक जवळ आला की तो वाढतो, दूर गेला की घटतो, उलटा फिरवला की चिन्ह बदलतं. कुठेही काही घासत नाही.

मग वर्खच का? साधी तांब्याची तार का नाही? आकडे घालून पाहू. एक मिलिमीटर जाडीची तांब्याची पट्टी, एक अँपिअर प्रवाह, एक टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र, म्हणजे बऱ्यापैकी दणकट चुंबक. व्होल्टेज किती मिळतो? व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाचाही सुमारे चौदावा हिस्सा. कारण तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन भरमसाट आहेत, घनसेंटिमीटरमागे सुमारे ८.५ × १०²². इतकी गर्दी असली की ठरलेला प्रवाह वाहून न्यायला कोणाला पळावं लागत नाही. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर वाहत असताना इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला ०.०७ मिलिमीटर सरकतो. एक मीटर जायला पावणेचार तास! (या सरकण्यालाही भौतिकशास्त्रात ड्रिफ्टच म्हणतात, भाचीला हे सांगितलं तर तिला मी थट्टा करतोय असं वाटलं.) चुंबकाचा रेटा वेगावर अवलंबून, आणि वेगच नाही तर रेटा कुठला?

उपाय दोन. पट्टी पातळ करा, हॉलनं तेच केलं. किंवा गर्दी कमी करा. दर मिनिटाला तेवढीच माणसं चौकातून जायला हवीत, पण रस्त्यावर माणसंच थोडी असली तर प्रत्येकाला धावावं लागेल. अर्धवाहकात नेमकं हेच होतं: तांब्यातल्या लाखो इलेक्ट्रॉनांमागे इथे एखादाच, तो जोरात धावतो आणि रेटाही जोरात खातो. म्हणून १८७९ची प्रयोगशाळेतली गंमत आज तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपमध्ये येऊन बसली.

आता स्टिक. काठीच्या बुडाशी छोटा चुंबक, त्याच्यासमोर बोर्डावर हॉल सेन्सर. काठी झुकली की चुंबक फिरतो आणि सेन्सरला जाणवणारा क्षेत्राचा भाग कोनाच्या साइनप्रमाणे बदलतो. साइन म्हणजे वक्र रेषा, मग खेळाडू वाकडा नाही का धावणार? नाही. २० अंशांची साइन ०.३४२ आणि तोच कोन रेडियनमध्ये ०.३४९. फरक दोन टक्क्यांचा. काठी एवढीच झुकते, म्हणून रेषा जवळजवळ सरळच मिळते.

आईच्या उन्हाकडेही वळू या. निओडिमियमचा चुंबक दर अंशाला साधारण ०.१ टक्का दुबळा होतो. जानेवारीतल्या पहाटेचे १० अंश आणि मेमधल्या दुपारचे ४२ म्हणजे तीन टक्के गेले. पण मधोमध सेन्सरला जाणवणारा भाग शून्य असतो, आणि शून्यातून तीन टक्के वजा केले तरी शून्यच. मला हा भाग फार आवडतो. उन्हानं काठीची धाव थोडी आखडते, मध्य हलत नाही.

हलतो तो दुसऱ्या कारणानं, आणि इथे जरा दम धरा. सिलिकॉनवर ताण आला, सोल्डर करताना चिप किंचित पिळली गेली, की चुंबक नसतानाही दोन कडांमध्ये खोटा फरक दिसतो. तो काढायची युक्ती अशी. सेन्सरची पट्टी चौकोनी आणि चारी बाजूंनी सारखी. आधी प्रवाह पूर्व-पश्चिम सोडून उत्तर-दक्षिण मोजा, मग जोड्यांची अदलाबदल करून मोजा. खरा हॉल व्होल्टेज दोन्ही वेळा तोच राहतो, खोट्याचं चिन्ह उलटतं. दोन्हींची सरासरी घेतली की खोटा संपला. चांगल्या चिपा हे सेकंदाला हजारो वेळा करतात. स्वस्तातल्या करतीलच असं नाही, म्हणून पुडीवर 'ड्रिफ्ट कधीच नाही' असं छापलेलं पाहून हुरळून जाऊ नका. घासणं संपलं, काठीला मधोमध आणणारी स्प्रिंग ढिली पडणं संपलेलं नाही.

त्याच जेल रोडवर दोन पावलांवर एकजण रक्तातलं लोह 'जागं' करणारी चुंबकीय कडी विकत होता. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं चुंबकाकडे धावत नाही. धावलं असतं तर दीड-तीन टेस्लाच्या एमआरआय यंत्रातून माणूस धड बाहेर आला नसता.

बरं, कंट्रोलरमध्ये हॉल सेन्सर हे नवं आहे का? मुळीच नाही. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या गेमयंत्राच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच हॉल सेन्सर होते. पॉट स्वस्त आणि सवयीचा, म्हणून बाजार त्याच्याकडेच राहिला. २०१७च्या निन्टेंडो स्विच या गेमयंत्राच्या जॉय-कॉन कंट्रोलरमधला ड्रिफ्ट इतका गाजला की २०२० साली कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी माफी मागितली. तरी २०२५च्या स्विच २मध्येही हॉल स्टिक नाहीत. आता 'टीएमआर' नावाचा आणखी संवेदनशील, कमी वीज खाणारा भाऊ आलाय. तो चुंबकीय थरांमधून इलेक्ट्रॉनच्या बोगदा पाडून जाण्यावर चालतो. त्यावर लिहायचं तर आणखी एक लेख लागेल.

हॉल सेन्सर बघायला मात्र दुकानात जायची गरज नाही. ज्या ई-रिक्षात बसून मी घरी परतलो, तिच्या ॲक्सिलरेटरच्या मुठीत हाच चुंबक आणि हाच सेन्सर. आणि राजेंद्रनगरच्या पलीकडे, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-२ या कणत्वरकाच्या १७२ मीटर परिघाच्या वर्तुळात इलेक्ट्रॉनांना वळवतो तो हाच आडवा रेटा. अशा यंत्रांचे चुंबक तपासायलाही हॉल प्रोबच वापरतात.

चौदा ठिकाणचं सोल्डर काढून नवी स्टिक बसवायला मला दोन तास लागले. आकडा १२८वर ठाम. भाची पाच मिनिटं बघत राहिली, मग माळ्यावर गेली आणि फुटक्या स्पीकरचा चुंबक घेऊन आली. कंट्रोलरजवळ नेला, आणि खेळाडू पुन्हा डावीकडे निघाला! मग आम्ही फूटपट्टी घेतली. बारा सेंटिमीटरवर काही नाही. सहावर आकडा थरथरला. तीनवर फुटबॉलपटू मैदान सोडून पळाला. अंतर निम्मं झालं की दूरच्या चुंबकाचं क्षेत्र आठपट होतं, हे मी सांगायच्या आत तिनं चुंबक उलटा केला आणि त्याला उजवीकडे पळवला.