करबुड्याच्या बोगद्यात अडलेली शू

आमचा अडीच वर्षांचा मुलगा घरी महिनाभर अगदी शहाण्यासारखा पॉटीवर बसत होता, म्हणून गणपतीला कणकवलीला जाताना मी जरा ऐटीतच डायपरचं पाकीट घरी ठेवलं. रत्नागिरी यायच्या थोडं आधी तो म्हणाला शू, मी उचलून गाडीच्या टॉयलेटमध्ये नेला, चड्डी काढली, आणि नेमका तेव्हाच करबुड्याचा बोगदा सुरू झाला. साडेसहा किलोमीटर, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. काळोख आणि कानठळ्या बसणारा खडखडाट. त्याने माझी ओढणी मुठीत घट्ट धरली, पाय पोटाशी घेतले, "नाय आली". परत सीटवर आणून मांडीत घेतलं, बोगदा संपला, बाहेर हिरवंगार दिसायला लागलं, पोरगं सैल पडलं आणि माझी मांडी गरम! समोरच्या काकी म्हणाल्या, मुद्दाम करतात हो.

मुद्दाम नाही ओ काकी. मूत्राशय म्हणजे स्नायूंचा फुगा आणि त्याच्या तोंडाशी झडप. घाबरलं की शरीर लढायच्या-पळायच्या तयारीत जातं, तेव्हा नसांचा एक संच फुगा ढिला सोडतो आणि झडप आवळतो, आणि जीव शांत झाला की दुसरा संच बरोबर उलटं करतो. म्हणजे टॉयलेटमध्ये न होणं आणि आईच्या मांडीत होणं, दोन्ही एकाच यंत्राची कामं. "आत्ता नको, थांब" हे सांगणारा मेंदूचा पुढचा भाग या वयात अजून कच्चा असतो. त्यात फुगा केवढा? डॉक्टरांचा ढोबळ हिशोब आहे, वयात 2 मिळवा आणि 30 ने गुणा, म्हणजे आमच्याकडे 135 मिली, एक कप चहा.

आणि घरी जमतं ते नुसत्या पॉटीमुळे नाही. तीच जागा, तीच निळी बादली, आईचा तोच "शूऽऽ" या सगळ्याला शरीर बांधलेलं असतं, पाव्हलॉवच्या कुत्र्याला घंटेने लाळ सुटायची तसंच थोडंफार. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या दिगो लोकांबद्दल 1977 मध्ये एक अभ्यास छापून आला होता, तिथल्या आया काही आठवड्यांच्या बाळाला पायांवर धरून असाच आवाज काढतात आणि पाच-सहा महिन्यांत बाळं बरीचशी कोरडी राहायला लागतात. अमेरिकेत ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञांनी 1962 मध्ये 1,170 मुलांच्या नोंदी मांडल्या, त्यात दिवसा जमायला लागलं तेव्हाचं सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने होतं. मला यात कोण बरोबर ठरवायचं नाहीये, पण आवाज ही चीज बॅगेत जागा घेत नाही एवढं मात्र कळलं. गावी सासूबाईंनी त्याला मागीलदारी माडाखाली नेलं, "शू येता काय रे झिला?" म्हणत शूऽऽ केलं, आणि झालं पण!

खरी पंचाईत शीची. गावचा संडास अंगणापलीकडे, भांडं मोठं, भिंतीवर पाल. तीन दिवस त्याने दाबून धरली. दाबली की मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत बसतं, शी कडक होते, दुखते, मग पोरगं अजून दाबतं, आणि भरलेलं गुदाशय शेजारच्या मूत्राशयाला रेटतं म्हणून शूचेही घोटाळे वाढतात. लोक अशा वेळी सांगतात पाणी कमी पाजा, म्हणजे सारखं न्यायला नको. हे अगदी उलटं आहे, घामाने चिंब होणाऱ्या पोराचं पाणी तोडलं की शी अजूनच दगड.

पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, म्हणून सकाळची पेज खाऊन अर्ध्या तासाच्या आत बसवायला लागलो. उकिडवं बसलं की गुदाशयाला वाकवून धरणारा स्नायू ढिला पडतो आणि वाट सरळ होते, पण तोल जाईल या भीतीने पोरगं ताठलं तर काय उपयोग, म्हणून आजोबांनी पडवीतच पेपर पसरला, त्यावर त्याची घरची छोटी पॉटी (ती नशिबाने आणली होती), पायाखाली एक चिरा. चौथ्या दिवशी पेजेनंतर झाली एकदाची, आणि घरात आरतीएवढा गलका.

रात्रीचं मी सोडून दिलं. झोपेत लघवी कमी बनवणारं हार्मोन आणि भरलं की जाग येणं हे आपापल्या वेळेने येतं, शिकवून नाही, आणि पावसात गोधड्या वाळत नाहीत. बाजारातून डायपर आणले, रात्रीपुरते.

परतताना पॉटी सीटखाली हाताशी ठेवली. गाडी रत्नागिरीला थांबली तेव्हाच, खडखडाट सुरू व्हायच्या आधी, दोन सीटच्या मधे बसवला, शूऽऽ, झाली. गाडी सुटल्यावर मी जाऊन ओतून आले तोवर बोगदा आला होता, आणि तो खिडकीला नाक लावून काळोखात स्वतःचाच चेहरा बघत होता.