आई-बाबा, घरातल्या कोमोन्डोरला फणी लावू नका

मुलगा-सून किंवा लेक-जावई सकाळी कामावर गेले की घरात उरता तुम्ही आणि तो, पन्नास किलोंचा पांढरा, अंगभर जटांचा कोमोन्डोर जातीचा कुत्रा. आमचं इंग्रजी पत्रक मुलांकडे आहेच. पण आम्ही न्यू जर्सीत कुत्र्यांना आंघोळ घालायचं आणि सांभाळायचं काम करतो, त्यात एक गोष्ट लक्षात आली आहे. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबाच दिवसभर त्याच्याजवळ असतात आणि त्यांना कोणी काही सांगितलेलंच नसतं. म्हणून हे मराठीत.

एका घरी आजींना कुत्र्याची दया आली. ‘बिचाऱ्याच्या केसांचा केवढा गुंता झालाय, कोणी बघत कसं नाही’ म्हणत त्या तीन दुपारी फणी आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसल्या. तोही निमूट बसला. आमच्याकडे आला तेव्हा मानेची एक बाजू पिंजलेल्या कापसासारखी फुललेली, दुसरी बाजू तेलाने चिकट आणि तिच्यात अंगणातला पाचोळा. तेवढा भाग आम्हाला कापावाच लागला. त्या जटा पहिल्याइतक्या लांब व्हायला काही वर्षं जातील. आजींना बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्याकडे जट म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं, तेच त्यांच्या डोळ्यांसमोर आलं.

या कुत्र्याच्या जटा आजार नव्हेत आणि हेळसांडही नव्हे. त्याच्या अंगावर दोन तऱ्हेचे केस असतात, वरचे जाड आणि आतले मऊ. आतले केस गळून खाली पडत नाहीत, वरच्यांत अडकतात आणि दोन्ही मिळून पीळ बसतो. पिल्लू असताना नुसते मऊ कुरळे केस दिसतात. साधारण वर्षाचं होता होता जटा धरायला लागतात, दोन वर्षांनी नीट दिसतात. हंगेरीच्या गवताळ माळावर, ज्याला तिथे ‘पुस्ता’ म्हणतात, हा मेंढरं राखायचा. लांडगा अंगावर आला की त्याच्या तोंडात आधी हे दोर यायचे, कातडी नाही. थंडी-पावसाचंही काम त्यातच भागायचं. धनगराच्या खांद्यावरची घोंगडी आठवा, फक्त ही अंगावरच विणली जाते. हंगेरियन लिखाणात या कुत्र्याचं नाव १५४४ सालापासून सापडतं. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने त्याला १९३७ साली मान्यता दिली, आणि १९७०च्या दशकात इथल्या मेंढपाळांनी कायोटींपासून, म्हणजे इथल्या लांडग्यासारख्या जंगली प्राण्यांपासून, मेंढ्या वाचवायलाही तो वापरून पाहिला.

मग करायचं काय? सोडवायचं, पण विंचरून नाही. लक्ष दिलं नाही तर शेजारशेजारच्या जटा मुळाशी एकमेकींत शिरतात आणि पाठीवर अख्खं घोंगडं तयार होतं. त्याखाली हवा जात नाही, कातडी लाल होते. दोन जटा दोन हातांत धरा, बोटांनी मुळाशी चाचपा आणि जोड हलकेच फाडत कातडीपर्यंत न्या. करंगळीएवढी जाडी ठीक. मालिका बघता बघता आपण मटार सोलतो ना, तसं रोज अर्धा तास. एका दिवसात सगळा कुत्रा करायचा नसतो. तो कंटाळून उठला तर उठू द्या.

हे करताना बोटांची टोकं कातडीवर फिरवा. गोचीड दिसत नाही, हाताला लागते. न्यू जर्सीत हरणांच्या गोचिडींमुळे लाइम हा आजार होतो, माणसांनाही, त्यामुळे झाडीतून फिरून आल्यावर हे चुकवू नका. कान उचलून वास घ्या. पंजांच्या गाद्यांमधले आणि शेपटीखालचे केस आम्ही आखूड ठेवतो. तुम्ही कात्री हातात घेऊ नका.

आंघोळ घरी घालू नका. पाणी ओतणं सोपं आहे, ते काढणं अवघड. साबणाचं पाणी जटेच्या गाभ्यात राहिलं तर खाज सुटते आणि ओल राहिली तर आत बुरशी येते. मग घरभर दमट पोत्याचा वास. आम्ही एकेक जट टॉवेलात धरून पिळतो आणि पंख्यांसमोर वाळवतो. दीड-दोन दिवस सहज जातात, बिल मोठं दिसतं ते याचमुळे. आंघोळ वर्षातून मोजक्याच वेळा लागते. मध्ये दाढी जेवणात माखली तर ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडी करा. तेल, पावडर, अत्तर काही नको.

आता पाहुण्यांचं, कारण खरी काळजी तिथे आहे. हा लॅब्राडॉर नव्हे. लॅब्राडॉर दारात आलेल्याचे बूट आणून देईल. हा तुमच्या आणि त्या माणसाच्या मध्ये जाऊन उभा राहील, आवाजही न करता. मेंढपाळ झोपल्यावर रात्री एकट्याने निर्णय घ्यायची सवय याच्या रक्तात आहे, म्हणून दिवसा सुस्त पडलेला दिसला तरी झोपलेला समजू नका. मालक ‘ये, ये’ म्हणून ज्याला आत घेतो त्याला तो साधारणपणे चालवून घेतो. पण घरचं माणूस आत स्वयंपाकघरात असताना कोणी स्वतःहून दार ढकललं, तर ते त्याच्या लेखी चोर. शेजारच्या काकू ओळखीच्या असल्या तरी.

भजनाला मंडळी येणार असतील, हळदीकुंकू असेल, गणपतीच्या दर्शनाला येणारे असतील, तर त्याला आधीच वरच्या खोलीत न्या, पाणी ठेवा, दार लावा. मंडळी आल्यावर ओढत नेऊ नका, त्यातून भांडण होतं. कुरियरवाल्याला दार उघडण्याआधीही हेच. ‘आजवर कधी चावला नव्हता’ ही सबब न्यू जर्सीच्या कायद्यात चालत नाही, चावल्याची जबाबदारी मालकावर येते. नातवंडांना तो जपतो. पण खेळायला आलेल्या दुसऱ्या मुलाने नातवाला ढकललं तर तो ते खेळ म्हणून बघेलच असं नाही, तिथे मोठं माणूस हवंच.

दिवाळीत पणत्या उंबऱ्याजवळ जमिनीवर ठेवू नका. जटा जमिनीपर्यंत लोंबतात, त्यांचं भान त्याला नसतं. रांगोळी मात्र तो एका फेरीत पुसून नेईल, ती मनाला लावून घेऊ नका.

खाण्यात बेदाणे, मनुका, द्राक्षं अजिबात नाहीत. म्हणजे शिरा, मोदकाचं सारण, लाडू सगळं आलं. कांदा-लसूण घातलेली आमटी नाही, चॉकलेट नाही, शिजवलेली हाडं नाहीत. साधा पोळीचा तुकडा चालतो, तूप लावून नको. जेवल्यावर लगेच पळवू नका. पोट टम्म झालं, ओकारीचे उमाळे येतायत पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळतेय आणि तो जागेवर ठरत नाही, तर मुलांच्या येण्याची वाट पाहू नका. पोटाला पीळ पडलेला असू शकतो, आणि त्यात तासाभराचाही उशीर महागात पडतो. डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावून घ्या.

जानेवारीत फुटपाथवर बर्फ असतो आणि तो वितळवायला टाकलेलं मीठ. गुडघे दुखत असतील तर पट्टा हातात घेऊच नका, पन्नास किलो एका झटक्यात तुम्हाला खाली आणतील. फिरून आल्यावर पंजांतले बर्फाचे गोळे आणि मीठ कोमट पाण्याने काढा आणि पंजे पुसून कोरडे करा. जुलैत दुपारी तो घरातच बरा, एसीच्या जवळ. उकडतंय म्हणून केस भादरायचा विचार कराल, तर आधी आम्हाला विचारा.

आमच्याकडे सोडायला येताना लसीकरणाचा कागद आणि त्याचं नेहमीचं अंथरूण आणा, न धुतलेलं. घरचा वास असला की पहिली रात्र तो कमी भुंकतो. आणि त्याला कुठल्या शब्दाने बोलावता ते सांगा. एका घरात तो फक्त ‘बाळ्या’ला ओ देतो, कागदावरचं नाव कोणालाच आठवत नाही.