पार्श्वभूमी: छोट्या टेक कंपन्यांचं ठिकाण ठरतं कसं?

कारखाना कुठे काढावा याचं गणित जर्मन अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये मांडलं. कच्चा माल आणि तयार माल यांच्या वाहतुकीचा खर्च जिथे सर्वांत कमी, ती जागा योग्य. मजुरीचा विचार त्यानंतर. पोलादाला हे चपखल लागू पडतं. चिप किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्याला वाहतुकीचा खर्च जवळपास नसतोच. मग तो जागा कशी ठरवतो? माझ्या मते बहुतेक छोट्या कंपन्या ती निवडतच नाहीत. संस्थापक जिथे राहत असतो, जिथे आधी नोकरी करत असतो, तिथेच कंपनी सुरू होते.

सिलिकॉन व्हॅलीची गोष्ट हेच सांगते. ट्रान्झिस्टरच्या (चिपमधल्या मूळ इलेक्ट्रॉनिक घटकाच्या) शोधातले एक भागीदार विल्यम शॉकली यांनी १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमध्ये प्रयोगशाळा काढली. त्यांची आई जवळच पालो आल्टोत राहत होती, हेही त्यामागचं एक कारण. पुढच्याच वर्षी त्यांचे आठ सहकारी बाहेर पडले. या आठ जणांच्या फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या नव्या कंपनीला भांडवल पूर्व किनाऱ्यावरून मिळालं, पण कंपनी त्याच परिसरात राहिली. १९६८ मध्ये त्यांतल्याच रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी इंटेल काढली, तीही तिथेच.

इथे एक जुना कायदा फार मोलाचा ठरला, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नये, असे करार कॅलिफोर्नियाने १८७२ पासूनच जवळपास निरर्थक ठरवले होते. मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे बॉस्टनजवळच्या रूट १२८ या महामार्गालगतच्या टेक कंपन्यांच्या पट्ट्यात, असे करार चालत. एमआयटीसारखं नामांकित तंत्रज्ञान विद्यापीठ शेजारी असूनही पुढे तो पट्टा मागे पडला. कारणं अनेक होती, त्यांत हेही एक मानलं जातं.

सरकारांनी आणि विद्यापीठांनी मात्र इमारतींवर भर दिला. स्टॅनफर्डचं औद्योगिक संकुल १९५१ चं, इंग्लंडमधल्या केंब्रिजचं सायन्स पार्क १९७० चं, तैवानचं शिन्चू १९८० चं. शिन्चू बहरलं ते अमेरिकेतून परतलेल्या अनुभवी अभियंत्यांमुळेही; नुसत्या स्वस्त जागेवर तेवढं साधलं नसतं.

आता नोंदणी एकीकडे आणि काम दुसरीकडे, हेही सर्रास चालतं. एस्टोनियाने २०१४ मध्ये परदेशी व्यक्तींना ई-रेसिडेन्सी, म्हणजे सरकारी डिजिटल ओळख, देऊ केली, तेव्हापासून तिथे न राहताही ऑनलाइन कंपनी काढता येते. २०२० च्या साथीनंतर घरून काम रुळलं. तरीही पहिले चार-पाच अनुभवी सहकारी मिळवताना संस्थापक आधी आपल्या ओळखीतच शोधतो, आणि त्या ओळखी बहुधा त्याच्या जुन्या नोकरीच्या गावातल्या असतात.