टॉरेंटमधलं डिस्क कॅशचं सेटिंग कुठून आलं आणि का गायब झालं

नवीन क्यूबिटटॉरेंट (टॉरेंट उतरवायचा प्रोग्राम, म्हणजे क्लायंट) टाकलं की बरेच जण आधी अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन डिस्क कॅशचा, म्हणजे डिस्कवर लिहायच्या आधी किती डेटा मेमरीत धरायचा त्याचा, आकडा शोधतात आणि काही बिल्डमध्ये (तयार आवृत्त्यांमध्ये) तो सापडतच नाही. जुन्या यूटॉरेंटपासून हाताला सवय लागलेली असते, इन्स्टॉल झालं की कॅश १०२४ एमबी करायचा आणि मग बाकीचं बघायचं. तो आकडा मुळात आला कशासाठी, त्याने स्पीड वाढायचा का, आणि तो काढून टाकायचा निर्णय झाला कसा, हे नीट कळलं तर निम्मी खटपट वाचते म्हणून हे लिहितोय.

लिहायचं ते आधी मेमरीत साठवायचं आणि डिस्कवर सावकाश टाकायचं ही कल्पना टॉरेंटच्या कितीतरी आधीची. डॉसमध्ये स्मार्टड्राइव्ह होतं, विंडोज ९५ आणि ९८ मध्ये व्हीकॅश होता आणि त्याचे आकडे लोक सिस्टिम डॉट आयएनआय फाइलमध्ये हाताने लिहायचे. धोकाही तेव्हापासूनचाच, मेमरीतला माल डिस्कवर जायच्या आत मशीन बंद पडलं की तो गेला. डॉस ६.० च्या वेळी ह्याच्यावर एवढी ओरड झाली की १९९३ च्या ६.२ मध्ये स्मार्टड्राइव्हचं वागणं बदलावं लागलं.

फाइल शेअरिंगमध्ये ह्या प्रश्नाला धार आली ती बिटटॉरेंटमुळे. २००१ मध्ये एका अमेरिकन प्रोग्रामरने हा प्रोटोकॉल बाहेर काढला आणि त्यात फाइल सलग येत नाही, ज्या तुकड्याच्या कॉपी कमी आहेत तो आधी मागायचा असा नियम. तुकडाही एकदम येत नाही, १६ केबीच्या ब्लॉकमध्ये येतो आणि हे ब्लॉक वेगवेगळ्या लोकांकडून वेगवेगळ्या वेळी. म्हणजे डिस्कच्या दृष्टीने बघा, ४ जीबीच्या फाइलमध्ये आत्ता इथे १६ केबी लिहा, पुढचे १६ केबी दोन जीबी पलीकडे, मग परत मागे. ७२०० आरपीएमच्या डिस्कला हेड हलवून योग्य जागा खाली यायला साधारण १२-१३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला अशी ८० च्या आसपास कामं. ८० गुणिले १६ केबी केलं तर सव्वा एमबी होतात. तीच डिस्क सलग लिहायला दिली तर त्या काळीही सेकंदाला ५०-६० एमबी आरामात लिहायची. वीस मजली टॉवरची लिफ्ट प्रत्येक माणसाला एकेकटं वर सोडायला लागली तर खाली रांग लागणारच, कॅश म्हणजे लिफ्ट भरेपर्यंत थांबणं.

हा सव्वा एमबीचा आकडा लक्षात ठेवा कारण सगळं त्याच्याभोवती फिरतं. सव्वा एमबी म्हणजे १० एमबीपीएसची लाइन. त्याच्या खाली असाल तर विनाकॅशची म्हातारी डिस्कसुद्धा तुमच्या नेटच्या पुढे असते आणि कॅश वाढवून डाउनलोडला काडीचाही फरक पडत नाही.

आता मुंबईत तेव्हा काय होतं बघा. २००५ मध्ये सरकारी टेलिफोन कंपनीचं ब्रॉडबँड आलं, २५६ केबीपीएस. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच तेवढी होती आणि ती ५१२ व्हायला २०१३ उजाडलं. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ केबी, म्हणजे दोन ब्लॉक. ८० ब्लॉक झेपणाऱ्या डिस्कला सेकंदाला दोन! तरीसुद्धा लॅमिंग्टन रोडवरून पीसी असेंबल करून आणलेला प्रत्येक जण कॅशचे आकडे बदलत होता, कारण त्याच सुमारास एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने (ऑगस्ट २००४) अर्धवट (सुरू झालेल्या पण अजून न जुळलेल्या) कनेक्शनवर एका वेळी दहाची मर्यादा घातली होती, ती उठवायला विंडोजची टीसीपीआयपी डॉट सिस ही नेटवर्कची फाइल पॅच करायची टूम निघाली, आणि त्या पॅचबरोबर कॅशचं सेटिंगही एकाच चिठ्ठीवर फिरत राहिलं. चिठ्ठीत खरा फरक पाडणाऱ्या गोष्टी दोनच होत्या, राउटरवर पोर्ट उघडणं आणि अपलोडला मर्यादा लावणं. एडीएसएलमध्ये (टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडमध्ये) अपलोडची नळी बारीक, ती भरली की आलेल्या पॅकेटची पोच परत जायला वेळ लागतो आणि डाउनलोड आपोआप झोपतो. हे दोन केल्यावर स्पीड वाढायचा आणि श्रेय मिळायचं कॅशला.

कॅशची खरी गरज मुंबईत वेगळ्याच वाटेने आली, आणि ती वाट केबलवाल्याची होती. गिरगाव, परळ, दादर, पुढे उपनगरांतसुद्धा गच्चीवरून गच्चीवर लॅनच्या वायरी टाकून नेट दिलं जायचं, जिन्यात किंवा पाण्याच्या टाकीशेजारी एक स्विच, पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडली की अख्ख्या बिल्डिंगची लॅन कार्डं उडायची. बाहेरच्या नेटचा स्पीड ठरलेल्या प्लॅनएवढाच, पण त्याच केबलवाल्याच्या दोन गिऱ्हाइकांमध्ये मधे फक्त स्विच असायचे. काही ठिकाणी आतल्या आत डीसी++ (फाइल शेअर करायचा आणखी एक प्रोग्राम) चे हब चालायचे, आणि पुढे लोकल पीअरिंग, म्हणजे डेटा आतल्या आत फिरवायची सोय, आलं तेव्हा ज्या टॉरेंटचे पीअर (तीच फाइल देणारे-घेणारे) आतल्या नेटवर्कमध्ये असायचे ते एकदम धावायला लागले. २ एमबीपीएसच्या प्लॅनवर ४० - ५० एमबीपीएस दिसायला लागले. आणि तेव्हाच यूटॉरेंटच्या खालच्या पट्टीत ती प्रसिद्ध ओळ यायला लागली, डिस्क ओव्हरलोडेड १००%. सेकंदाला ५-६ एमबी म्हणजे साडेतीनशे ब्लॉक, आणि डिस्कची लायकी ८० ची.

यूटॉरेंट २००५ मध्ये आलं ते मुळात हलकं म्हणून, इन्स्टॉलरसुद्धा लागायचा नाही, एक छोटीशी एक्झी. त्याआधी ईम्यूल ह्या फाइल शेअरिंगच्या प्रोग्राममध्ये फाइल बफरची पट्टी होती, अझ्यूरस आणि बिटकॉमेट ह्या टॉरेंट क्लायंटमध्ये कॅशचे पर्याय होते, पण यूटॉरेंटचं डिस्क कॅशचं पान सगळ्यात तपशीलवार. आपोआप ठरणारा कॅश बाजूला ठेवून स्वतःचा आकडा द्यायचा चौकोन वर, त्याखाली लिहिण्याचे पर्याय (हात न लागलेले ब्लॉक दर दोन मिनिटांनी लिहून टाका, पूर्ण झालेले तुकडे ताबडतोब लिहा), मग वाचण्याचे, आणि शेवटी विंडोजचा स्वतःचा कॅश बंद करायचे दोन.

हे शेवटचे दोन सगळ्यात महत्त्वाचे आणि सगळ्यात दुर्लक्षित. विंडोज स्वतःही फाइल कॅश करतं, म्हणजे तोच डेटा एकदा यूटॉरेंटच्या मेमरीत आणि एकदा विंडोजच्या. ५१२ एमबी रॅमच्या मशीनवर हे दुहेरी ओझं परवडायचं नाही म्हणून विंडोजचा कॅश बंद ठेवायचा पर्याय होता. लोकांनी विंडोजचा कॅश चालू केला आणि वर यूटॉरेंटचाही वाढवला, मग मशीन पेजफाइलवर (रॅम संपली की डिस्कवर वापरायच्या जागेवर) गेलं, म्हणजे जी डिस्क वाचवायची तिच्यावरच नवीन काम. शिवाय यूटॉरेंट ३२ बिटचं, विंडोजवर अशा प्रोग्रामच्या वाट्याला साधारणपणे २ जीबीच पत्ते, त्यामुळे कॅशला दोन हजाराच्या जवळचा आकडा दिला की क्रॅश ठरलेला.

आकडा मोठा ठेवण्याचा दुसरा त्रास ग्राफवर दिसायचा. १०० एमबीपीएसला सेकंदाला साडेबारा एमबी येतात, म्हणजे १ जीबी कॅश भरायला जेमतेम ८० सेकंद. तोपर्यंत सगळं झकास, आणि मग सगळा साठा एकदम डिस्कवर ओतायला घेतला की डाउनलोडची रेघ धाडकन खाली, परत वर, परत खाली, करवतीच्या दातांसारखी. कॅशने वेळ मिळतो, डिस्कचा वेग वाढत नाही. आणि वीज गेली तर तो साठा गेला, पुढच्या वेळी रीचेक (उतरलेलं सगळं परत तपासणं) आणि तुकडे परत उतरवा. मुंबई शहरात लोडशेडिंग जवळपास नव्हतं म्हणून इथल्यांना ह्याचं काही वाटायचं नाही (१२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड पडली तो दिवस सोडा), पण कल्याण-डोंबिवलीच्या पुढे तेव्हा यूपीएस नसेल तर १ जीबी कॅश ठेवणं म्हणजे रोजचं नुकसान.

आणखी एक गोष्ट कॅशच्या नावावर खपली जी कॅशची नव्हतीच. मोठा टॉरेंट सुरू केल्या केल्या मशीन पाच-दहा मिनिटं गोठायचं. एनटीएफएसवर (विंडोजच्या फाइल ठेवायच्या पद्धतीत) नवीन फाइलच्या शेवटाकडचा तुकडा आधी लिहिला तर विंडोज मधली सगळी जागा शून्यांनी भरतं, जुना डेटा कोणाला वाचता येऊ नये म्हणून. तुमचे १६ केबी आले पण डिस्कवर ३ जीबी शून्यं लिहिली जातायत, कॅश कितीही ठेवा काय होणार. त्यावर इलाज अॅडव्हान्स्डमध्ये होते, स्पार्स फाइल (रिकामी जागा प्रत्यक्ष न लिहिणारी), किंवा डिस्कआयओ डॉट नो झीरो (शून्यं भरणं टाळणारं), ज्याला अॅडमिनचे हक्क लागतात.

आता मुख्य वादाकडे. यूटॉरेंटमध्ये जाहिराती वाढल्यावर जे लोक क्यूबिटटॉरेंटकडे आले त्यांच्या क्लायंटच्या पोटात लिबटॉरेंट ही लायब्ररी (टॉरेंटचं मूळ काम करणारा तयार कोड) असते. १.२ पर्यंत तिचा स्वतःचा कॅश होता, आकडा देता यायचा, उणे एक म्हणजे ऑटो. २०२० मध्ये २.० आली आणि तिच्यातून हा कॅश पूर्णच काढला. त्याजागी मेमरी मॅप, म्हणजे फाइलच मेमरीत असल्यासारखी वागवायची आणि कधी काय डिस्कवर जाईल ते ऑपरेटिंग सिस्टिमने ठरवायचं.

बनवणाऱ्यांची बाजू कमजोर नाही. ६४ बिटमध्ये पत्त्यांची टंचाई संपली, सिस्टिमकडे तसाही कॅश असतो, तो मोकळी रॅम बघून आपोआप वाढतो आणि कमी होतो, मग तेच काम दुसऱ्यांदा आपल्या कोडमध्ये कशाला. डबल कॅशिंगचा तो जुना रोग मुळातूनच गेला. बरोबर प्रोटोकॉलच्या दुसऱ्या आवृत्तीचा सपोर्टही आला, ज्यात प्रत्येक १६ केबीच्या ब्लॉकचा स्वतंत्र हॅश (डेटा बरोबर आला का ते तपासायचा ठसा) असतो. एसएसडीवर, लिनक्सवर, भरपूर रॅम असलेल्या मशीनवर हे छान चालतं.

पण जानेवारी २०२२ च्या ४.४ पासून क्यूबिटटॉरेंटमध्ये २.० चा सपोर्ट आला आणि घरोघरचे विंडोज पीसी त्याच्याखाली आले तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये रॅम ९० टक्क्यांवर दिसायला लागली. लोक म्हणाले मेमरी लीक. उत्तर मिळालं की लीक नाही, तो सिस्टिमचा कॅश आहे, गरज पडली की सोडला जातो. तांत्रिकदृष्ट्या उत्तर बरोबर होतं, पण ब्राउझर अडखळतोय, गेम बंद पडतोय, हे ज्याच्या समोर घडतंय त्याला त्या उत्तराचा उपयोग शून्य, कारण विंडोज ती जागा सोडताना आधी दुसऱ्या प्रोग्रामचीही जागा कापत होतं. त्यात मेमरी मॅपमध्ये डिस्क भरली किंवा यूएसबीची डिस्क मधेच निघाली तर लिनक्सवर साधा एरर येत नाही, प्रोग्रामच पडू शकतो. नेटवर्कवरच्या ड्राइव्हची आणखी वेगळी रडगाणी.

माझ्या मते चूक इथे झाली की एक गोष्ट विसरली गेली. कुठले ब्लॉक एकाच तुकड्याचे आहेत आणि तो तुकडा कधी पूर्ण होणार हे टॉरेंट क्लायंटला माहीत असतं, ऑपरेटिंग सिस्टिमला नाही. क्लायंट १ एमबीचा तुकडा पूर्ण होईपर्यंत धरून ठेवेल, मेमरीतच हॅश तपासेल आणि एकदाच सलग लिहील. सिस्टिमला फक्त कुठलीतरी पानं बदललीत एवढंच दिसतं, ती तिच्या वेळापत्रकाने लिहिते, आणि मेमरी कमी असेल तर अर्धवट तुकडा डिस्कवर जातो आणि हॅशसाठी परत वाचावा लागतो. एसएसडीवर हा फरक जाणवत नाही. फिरत्या डिस्कवर चांगलाच जाणवतो, आणि आपल्याकडे टॉरेंटची डिस्क म्हणजे अजून बहुतेक वेळा फिरतीच, जुन्या पीसीतून काढून यूएसबी केसमध्ये घातलेली. चांगला डीफॉल्ट बदलायला काहीच हरकत नव्हती, पण बटणच काढायला नको होतं.

शेवटी माघार थोडी थोडी घेतली गेली. क्यूबिटटॉरेंटच्या डाउनलोडच्या पानावर १.२ आणि २.० असे दोन वेगळे बिल्ड राहिले. २.० वाल्यात रॅमच्या मर्यादेचा आकडा आला, लिहिण्याच्या पद्धतीत राइट-थ्रू (कॅशमध्ये न थांबवता लगेच डिस्कवर लिहिणं) आलं, आणि डिस्क आयओ टाइप म्हणून एक यादी आली ज्यात मेमरी मॅप सोडून पॉसिक्स ही फाइल वाचण्या-लिहिण्याची साधी पद्धत आणि पुढे तशीच पीरीड-पीराइटही (pread/pwrite) निवडता येतं.

हा वाद थंड होणार नाही असं वाटतं कारण लाइनी फारच पुढे गेल्या. २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीने घरगुती फायबरचे प्लॅन १०० एमबीपीएसपासूनच सुरू केले आणि आता मुंबईत २००-३०० असणं नेहमीचं. २०० म्हणजे सेकंदाला २५ एमबी, दीड हजारांवर ब्लॉक, आणि फिरती डिस्क मात्र अजून त्याच ८० वर. त्यातून २०२० मध्ये कळलं की काही मोठ्या कंपन्यांनी एकावर एक ट्रॅक चढवलेल्या एसएमआर डिस्का न सांगता विकल्या होत्या, ज्या विखुरलेलं लिहायला आणखी मंद असतात. म्हणजे २५६ केबीपीएसच्या काळात ज्या सेटिंगचा उपयोग नव्हता त्याची खरी गरज आत्ता आहे.

तेव्हा डाउनलोड थेट एसएसडीवर होत असेल तर ह्यातलं काहीही बदलायची गरज नाही. फिरती डिस्क असेल तर अपूर्ण फाइलींचा फोल्डर एसएसडीवर ठेवा आणि पूर्ण झाल्यावर हलवायला सांगा, नाहीतर १.२ चं बिल्ड आणि १२८ ते २५६ एमबी कॅश. २.० च ठेवायचं असेल तर डिस्क आयओ टाइप बदला आणि क्लायंट एकदा बंद करून परत चालू करा, तोपर्यंत ते लागू होत नाही.