संख्याशास्त्राची भीती (भाषा विषयाच्या संशोधनात)

आकडेवारी गोळा करताना, तिचं विश्लेषण करताना किंवा नुसता तक्ता समोर आला तरी पोटात जो गोळा येतो ती संख्याशास्त्राची भीती. गणिताची भीती हिची सख्खी बहीण, पण दोघी एक नाहीत, कारण ज्याचा किराणाचा हिशोब कधी चुकत नाही तोसुद्धा 'पी व्हॅल्यू ०.०३ आली, आता लिहायचं काय?' इथं अडतो (पी व्हॅल्यू म्हणजे मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता).

ही भीती मोजायला १९८५ साली क्रूझ, कॅश आणि बोल्टन यांनी 'स्टार्स' नावाची ५१ विधानांची प्रश्नावली केली. तिचे सहा भाग आहेत, परीक्षेची भीती, अर्थ लावायची भीती, शिक्षकांची भीती वगैरे, आणि त्यातला एक भाग फक्त मदत मागायच्या भीतीचा आहे. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सातारा-सांगलीकडं मराठी, हिंदी, इंग्रजीत एमए करून पीएचडीला लागणाऱ्या कितीतरी पोरापोरींचं गणित दहावीलाच सुटलेलं असतं, अकरावीला आर्ट्स घेतलं की संपलं, आणि मग इतक्या वर्षांनी कोर्सवर्कमध्ये एकदम शून्य परिकल्पना (म्हणजे 'फरक नाहीच' असं धरून चालणं), टी टेस्ट (दोन सरासरींची तुलना), काय-वर्ग (मोजलेल्या आणि अपेक्षित आकड्यांची तुलना). सरांना विचारावं तर 'एवढंही येत नाही?' म्हणतील. मग एक्सेलची फाइल कुणाकडं तरी पाठवायची, तो पैसे घेऊन तक्ते करून देतो, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, 'हीच टेस्ट का लावली?' विचारलं की घशाला कोरड. यात पोरांचा दोष कमी आहे, त्यांना सूत्र आधी दिलं जातं आणि प्रश्न नंतर, किंवा कधीच नाही.

खरं तर प्रश्न भाषेचाच असतो. समजा सातारा शहरातल्या ३० आणि माण तालुक्यातल्या ३० जणांना 'घरी आलेल्या पाहुण्यांना काय म्हणता?' असं विचारलं, शहरात १२ जण 'पाव्हणं' म्हणाले आणि माणात २२. हा फरक खरा की योगायोग? फरक नसताच तर एकूण ३४ चे दोन्हीकडं १७-१७ आले असते. आलेल्या आणि अपेक्षित आकड्यातलं अंतर ५, त्याचा वर्ग २५, तो १७ नं भागायचा, 'पाव्हणं' न म्हणणाऱ्यांसाठी १३ नं (३० वजा १७) भागायचा, दोन्ही ठिकाणांचं मिळून बेरीज येते सुमारे ६.७९. पाच टक्के पातळीला (म्हणजे फरक नसताना शंभरात पाचच वेळा ओलांडली जाईल अशी) तक्त्यातली मर्यादा ३.८४, आपली बेरीज तिच्या वर, म्हणजे निव्वळ योगायोगानं एवढा फरक पडणं अवघड. एवढंच काय-वर्ग! वहीच्या एका पानावर, पेनानं होतं, आणि एकदा हातानं केलं की सॉफ्टवेअरचा तक्ता परका वाटत नाही.

नमुना पाहणीत (थोड्यांना विचारून सगळ्यांचा अंदाज बांधायच्या शास्त्रात) जगभर नाव झालेले डॉ. पां. वा. सुखात्मे (जन्म १९११) सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, हे इथल्या वर्गात पहिल्याच तासाला सांगायला हवं असं मनापासून वाटतं.

उपायात सगळ्यात उपयोगी म्हणजे प्रश्नावली वाटायच्या आधीच ती कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या मॅडमना किंवा सरांना दाखवणं. बहुतेक जण डेटा गोळा झाल्यावर जातात, आणि तोवर वय, गाव, शिक्षण यातलं काहीतरी विचारायचंच राहून गेलेलं असतं, मग परत माणातल्या दहिवडीची एसटी धरावी लागते.